‘ऑटोमेशन’ खेळात वेगवान स्पोर्ट्स कार कशी घडवावी

कॅमशाफ्ट सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘ऑटोमेशन’ हा संगणकीय खेळ २०१५ पासून स्टीम या ऑनलाइन खेळांच्या दुकानात मिळतो, आणि इंजिनाच्या ब्लॉकपासून दरवाज्याच्या हँडलपर्यंत सगळी मोटार स्वतःच्या हाताने घडवू देणारा इतका सखोल खेळ माझ्या पाहण्यात दुसरा नाही. या खेळात नव्याने शिरलेला खेळाडू बहुधा सर्वप्रथम इंजिनाकडे धाव घेतो. सात-आठशे अश्वशक्तीचे इंजिन तयार होते, ते हाताला लागेल त्या बॉडीत बसवले जाते, आणि मग चाचणीच्या ट्रॅकवर ही कार तिच्या निम्म्या ताकदीच्या हलक्या कारच्याही मागे पडते. कारण उघड आहे. इंजिन जोर निर्माण करते. परंतु तो जोर रस्त्यावर उतरवणे, वळणावर गाडी धरून ठेवणे आणि वेळेवर थांबवणे ही तिन्ही कामे टायर आणि रस्ता यांच्यामधल्या तळहाताएवढ्या चार ठशांवर अवलंबून असतात. म्हणून स्पोर्ट्स कारची आखणी वजन आणि टायर यांपासून सुरू करावी आणि त्यांना पेलवेल असे इंजिन शेवटी निश्चित करावे, हा या लेखाचा गाभा आहे.

उदाहरण म्हणून आपण सँडबॉक्स (मोकळेपणाने कार घडवण्याच्या) प्रकारात १९९५ सालची, मध्यभागी इंजिन असलेली दोन आसनी कार घेऊ. वजन १,२५० ते १,३०० किलो आणि ताकद ३८० अश्वशक्तीच्या आसपास, असे लक्ष्य ठेवू. हे लक्ष्य हवेतले नाही. १९९४ मध्ये बाजारात आलेल्या फेरारी एफ३५५ या कारचे साडेतीन लिटरचे व्ही-८ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे) इंजिन जवळपास एवढीच ताकद देत असे. ज्या सालची कार करायची त्या सालची एखादी खरी कार समोर ठेवली, की खेळातले आकडे शक्यतेच्या कक्षेत राहतात आणि आपण नेमके कुठे कमी पडतो आहोत हे लवकर उमगते.

बॉडी, चॅसी आणि वजन

खेळात ‘मॉडेल’ आणि ‘ट्रिम’ (त्याच मॉडेलची एखादी आवृत्ती) असे दोन स्तर आहेत. बॉडी, चॅसीचा (गाडीच्या सांगाड्याचा) प्रकार व धातू, पॅनेलचे साहित्य, इंजिनाची जागा आणि पुढच्या-मागच्या सस्पेन्शनचा प्रकार हे सर्व मॉडेलच्या स्तरावर ठरते, आणि त्या मॉडेलच्या प्रत्येक ट्रिमला ते जसेच्या तसे लागू होते. टायर, ब्रेक, गिअरबॉक्स, आसने या गोष्टी ट्रिममध्ये येतात आणि त्या केव्हाही बदलता येतात. त्यामुळे पहिल्या स्तरावर सावकाश विचार करावा.

बॉडी निवडताना दिसण्याबरोबर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, हेही पाहावे. आपल्या कारसाठी साधारण २.४५ मीटरचा व्हीलबेस योग्य आहे. तो फार आखूड असेल तर कार वळणात चटकन शिरते, पण वेगात अस्थिर होते. फार लांब असेल तर वजन वाढते आणि कार आळसावते. चॅसीसाठी मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकच) की स्पेस फ्रेम (नळ्यांचा सांगाडा), हा प्रश्न उत्पादनाच्या संख्येशी निगडित आहे. स्पेस फ्रेम हलकी असते, मात्र तिच्या प्रत्येक नगाला मनुष्यबळ जास्त लागते, त्यामुळे ती थोड्या संख्येच्या महागड्या कारलाच परवडते. होंडाने १९९० मध्ये एनएसएक्ससाठी संपूर्ण ॲल्युमिनियमचे मोनोकॉक वापरून हलकेपणा आणि रोजच्या वापराचा टिकाऊपणा यांचा मेळ घातला होता. आपल्या कारसाठी तोच मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पॅनेलही ॲल्युमिनियमचे ठेवावेत. पैसे वाचवायचे असतील तर फायबरग्लास हा चांगला पर्याय आहे, कारण तो हलका असतो आणि गंजत नाही. कार्बन फायबरचा मोह मात्र टाळावा. १९९२ मध्ये लोकांसमोर आलेल्या मॅक्लारेन एफ१ला कार्बन फायबरचे मोनोकॉक शोभले, कारण तिची किंमत आणि संख्या दोन्ही त्याला साजेशी होती. मधल्या किमतीच्या कारमध्ये तेच साहित्य घातले, तर खेळातला अभियांत्रिकीचा काळ आणि खर्च दोन्ही आवाक्याबाहेर जातात.

पुढे आणि मागे दोन्हीकडे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन दांड्यांनी धरणारे) सस्पेन्शन घ्यावे. वळणावर कार कलली तरी टायर रस्त्याला बऱ्यापैकी सपाट टेकलेला ठेवणे ही त्याची खासियत आहे, आणि पकडीच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याची एक किंमत मोजावी लागते: ते इंजिनाच्या जागेत शिरकाव करते. दोन कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) हेडमुळे रुंद झालेले व्ही-८ इंजिन अशा वेळी बसेनासे होते. म्हणून मॉडेल पक्के करण्याआधी एक कच्चे इंजिन तयार करून ते बसते की नाही हे पाहून घ्यावे. त्याचे बारकावे नंतर पाहता येतात.

टायर आणि ब्रेक

टायरच्या रबराचे प्रकार कठीण, मध्यम, स्पोर्ट आणि सेमी-स्लिक असे चढत्या पकडीने येतात. रस्त्यावर चालणाऱ्या आपल्या कारला स्पोर्ट प्रकार योग्य आहे. सेमी-स्लिकने फेरीची वेळ नक्कीच घटते, परंतु तो टायर लवकर झिजतो आणि कार रोजच्या वापरापासून दूर जाते. ट्रॅकसाठी वेगळी ट्रिम काढायची असेल तेव्हाच तो घ्यावा.

रुंदीच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. टायरवरचा भार वाढला की त्याची एकूण पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे प्रत्येक किलोमागे मिळणारी पकड कमी होत जाते. मध्यभागी इंजिन असलेल्या कारचे जवळपास ५८ टक्के वजन मागच्या चाकांवर असते. अशा कारला चारही टायर एकाच रुंदीचे दिले, तर मागची बाजू पुढच्या बाजूच्या आधी पकड सोडते आणि कार गिरकी घेते. म्हणून पुढे २१५ ते २२५ मिलिमीटर आणि मागे २५५ ते २६५ मिलिमीटर अशा मापांपासून सुरुवात करावी. टायर रुंद करत नेले की पकड वाढते, पण त्याबरोबर वजन, हवेचा विरोध आणि किंमतही वाढते. प्रत्येक वेळी दहा मिलिमीटर वाढवून वळणातल्या पकडीचा आकडा किती सरकतो ते पाहावे, आणि वाढ नगण्य वाटू लागली की तिथेच थांबावे. रिमचा व्यासही उगाच वाढवू नये. आतली डिस्क मावण्यापुरता तो पुरेसा असावा, कारण मोठे रिम म्हणजे चाकावरचे जड वजन, आणि ते स्प्रिंगच्या पलीकडे असल्यामुळे खड्ड्यांवरून जाताना सस्पेन्शनला सांभाळता येत नाही.

ब्रेकचे आलेख या खेळात अतिशय बोलके आहेत. पुढच्या आणि मागच्या चाकांना ब्रेक किती जोर देऊ शकतात आणि टायर किती पेलू शकतात, हे दोन्ही शेजारी दिसते. ब्रेकचा जोर टायरच्या मर्यादेपेक्षा थोडा वर असला की पुरे; त्याहून मोठी डिस्क म्हणजे फुकटचे वजन. पुढे आणि मागे दोन्हीकडे हवा खेळती राहणाऱ्या व्हेंटेड डिस्क घ्याव्यात. ब्रेक लावताना वजन पुढे झुकते, म्हणून पुढची डिस्क मोठी असावी. परंतु मध्यभागी इंजिनाच्या कारमध्ये मागचे ब्रेकही बरेच काम करतात, त्यामुळे हा फरक पुढे इंजिन असलेल्या कारइतका मोठा ठेवू नये. सतत ब्रेक लावून ते तापले की जोर ओसरतो. खेळात हा ऱ्हास टक्क्यांत दिसतो आणि स्पोर्ट्स कारमध्ये तो शून्यावर आणायला हवा. त्यासाठी आधी पॅड अधिक आक्रमक करावेत, मग ब्रेककडे जाणारी हवा वाढवावी, आणि डिस्कचा आकार सर्वांत शेवटी वाढवावा.

इंजिन

आता इंजिनाकडे वळू. येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यावाच.

आपल्या व्ही-८ इंजिनात ९२ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकण्याचे अंतर) घेतला, तर आठ सिलिंडर मिळून ३,९८९ घनसेंटिमीटर, म्हणजे जवळपास चार लिटर क्षमता होते. बोअर मोठा आणि स्ट्रोक आखूड ठेवण्यामागे दोन कारणे आहेत. मोठ्या बोअरमध्ये मोठे व्हॉल्व्ह मावतात, त्यामुळे इंजिनाला श्वास नीट घेता येतो. आखूड स्ट्रोकमुळे पिस्टनचा सरासरी वेग आटोक्यात राहतो. हा वेग काढण्याची पद्धत सोपी आहे: स्ट्रोकची दुप्पट गुणिले मिनिटाला होणारे फेरे, भागिले साठ. आपल्या इंजिनात ८,००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) तो सेकंदाला २० मीटर येतो. होंडाच्या एस२००० कारमधील दोन लिटरच्या इंजिनाचा स्ट्रोक ८४ मिलिमीटर होता आणि त्याची सुरुवातीची रेडलाइन (फेऱ्यांची कमाल मर्यादा) ९,००० आरपीएम होती. तिथे हाच वेग २५.२ मीटरवर जातो, आणि रस्त्यावरच्या कारसाठी तो विलक्षण मानला जातो. वीस ते बावीस मीटरपर्यंत राहिले, तर साध्या फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) भागांवर काम भागते आणि विश्वासार्हताही टिकते. त्यापुढे टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड आणि हलके फोर्ज्ड पिस्टन लागतात, म्हणजेच खर्च उडी घेतो.

क्रँकशाफ्टसाठी (पिस्टनची ये-जा फिरत्या गतीत बदलणाऱ्या दांड्यासाठी) फ्लॅट-प्लेन, म्हणजे सगळे क्रँक एकाच पातळीत असलेला, प्रकार घ्यावा. क्रॉस-प्लेन क्रँकला लागणारी जड प्रतिवजने त्याला लागत नाहीत, त्यामुळे इंजिन चपळाईने फेरे घेते. थरथर वाढते, पण या वर्गाच्या ग्राहकाला ती चालते. ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमचे असावेत. मागच्या चाकांच्या अगदी पुढे बसणाऱ्या इंजिनाचे पंचवीस-तीस किलो वाचले, तर त्याचा परिणाम वजनाच्या वाटणीवर लगेच दिसतो. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन ओव्हरहेड कॅम, ही मांडणी १९९५ साठी योग्य आहे. पाच व्हॉल्व्हचा पर्याय खेळात मिळतो, आणि एफ३५५मध्येही तो होता. पण त्यामुळे होणाऱ्या लाभापेक्षा गुंतागुंत जास्त वाढते, असे माझे मत आहे.

यानंतरची जुळवाजुळव एका ठरावीक क्रमाने करावी, कारण एक स्लायडर हलवला की बाकीच्यांची योग्य जागाही सरकते. आधी कॅमचा स्लायडर ६५ ते ७० वर न्यावा. कॅम जितका तीव्र, तितका टॉर्क (फिरवण्याचा जोर) वरच्या आरपीएमकडे सरकतो आणि खालच्या आरपीएमचा भाग रिकामा होत जातो. मग इंधन निवडावे; साध्या शिसेविरहित पेट्रोलवर कार चालली तर तिला बाजार मोठा मिळतो, म्हणून ९५ ऑक्टेन गृहीत धरावे. शिसेयुक्त पेट्रोलचा विचार नको, कारण त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. त्यानंतर मल्टी-पॉइंट इंजेक्शन आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल घ्यावा. हवा आणि पेट्रोल यांचे रासायनिकदृष्ट्या अचूक प्रमाण १४.७ ला १ असते, तर कमाल ताकद साधारण १२.५ ते १३ ला १ या थोड्या घट्ट मिश्रणावर मिळते. जास्तीचे इंधन आतली उष्णता शोषते आणि नॉकिंगलाही (मिश्रण आपोआप भडकण्याला) आळा बसतो. मिश्रण ठरले की कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते) वाढवत जावे आणि नॉकिंगची सूचना येताच एक पाऊल मागे यावे. इग्निशन टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) त्याच पद्धतीने पुढे न्यावे. कॉम्प्रेशन आणि टायमिंग एकमेकांचा वाटा खातात, म्हणून दोन्ही टोकाला नेण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो. आपल्या इंजिनात १०.५ ते ११ च्या आसपासचे कॉम्प्रेशन समाधानकारक ठरते.

एक्झॉस्टचा व्यास ठरवताना तो लहानापासून वाढवत जावा. सुरुवातीला प्रत्येक टप्प्याला ताकद वाढते, मग वाढ थांबते आणि फक्त आवाज वाढत राहतो. जिथे वाढ थांबली तिथून एक टप्पा अलीकडे येऊन स्लायडर सोडून द्यावा. लांब ट्यूब्युलर हेडर घ्यावेत.

शेवटी रेडलाइन. ताकदीचा शिखरबिंदू जिथे आहे त्याच्या तीन-चारशे आरपीएम पुढे रेडलाइन ठेवावी, म्हणजे गिअर बदलल्यावर इंजिन पुन्हा ताकदीच्या पट्ट्यात उतरते. रेडलाइन वाढवताना व्हॉल्व्ह फ्लोटची (व्हॉल्व्ह वेळेत बंद न होण्याची) किंवा इंजिनाच्या खालच्या भागांवरील (क्रँक, रॉड, पिस्टन) ताणाची सूचना आली, तर ती दुर्लक्षू नये. तशीच कार पुढे नेली तर विश्वासार्हतेचा आकडा कोसळतो आणि मग तो दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही.

टर्बोचा (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा) विचार येथे जाणूनबुजून केलेला नाही. टर्बोने कमी आकारमानात भरपूर ताकद मिळते हे खरे, परंतु मध्यभागी इंजिन असलेल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या कारमध्ये टॉर्क अचानक उसळला, तर वळणाच्या मध्यावरच मागची पकड सुटते. टर्बो घ्यायचाच असेल तर कॉम्प्रेसर आणि टर्बाइन लहान ठेवून बूस्ट (हवेचा हा जास्तीचा दाब) लवकर सुरू होऊ द्यावा, आणि शिखरावरच्या आकड्यापेक्षा टॉर्कच्या रेषेचा सपाटपणा पाहावा.

गिअर आणि हवा

सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि गिअरचे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देणारे) घ्यावे. कमाल वेगाचा स्लायडर किती वर न्यायचा हे हवेच्या विरोधावरून ठरते. ड्रॅग (हवेच्या विरोधाचा) गुणांक ०.३३ आणि समोरचे क्षेत्रफळ १.८५ चौरस मीटर धरले, तर ताशी २८८ किलोमीटर वेगाला एकट्या हवेशी झुंजायला सुमारे १८७ किलोवॅट, म्हणजे २५० अश्वशक्ती खर्ची पडते. टायरचे घर्षण आणि गिअरबॉक्समधील गळती वेगळी. ही मागणी वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग दहा टक्के वाढवायला ३३ टक्के जास्त ताकद लागते. म्हणून शेवटच्या गिअरमध्ये हवेमुळे कारचा वेग जिथे वाढायचा थांबतो, तिथेच ताकदीचे शिखर येईल असा स्लायडर ठेवावा. त्याहून लांब गिअर दिला तर कमाल वेग उलट घटतो आणि मधल्या गिअरांमधला जोरही वाया जातो. गिअरांमधले अंतर ठरवताना आलेखात पहिल्या गिअरची रेषा टायरच्या पकडीच्या किती वर जाते ते पाहावे. ती फार वर असेल तर पहिला गिअर लांबवावा, नाहीतर सुरुवातीला केवळ टायर जळतात.

डाउनफोर्स (कारला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर) देणारे पंख आणि ओठ (पुढच्या बंपरखालची पट्टी) खेळाच्या हिशेबात धरले जातात. मागे पंख लावला तर पुढे ओठही हवा, कारण फक्त मागे दाब वाढला की वेगाच्या वळणात पुढची चाके हलकी होतात आणि कार सरळ जाऊ पाहते. थंडाव्यासाठी लागणारी हवा गरजेपुरतीच ठेवावी. ती जास्त घेतली की ड्रॅग वाढतो.

सस्पेन्शनची जुळणी

स्पोर्ट हा तयार संच निवडून सुरुवात करावी आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. स्प्रिंग कडक केल्या की कार कमी कलते, पण खडबडीत रस्त्यावर टायर उचलला जातो. स्प्रिंगची नैसर्गिक वारंवारता सेकंदाला दोनच्या आसपास असली, तर रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला ते मानवते. डॅम्पर (स्प्रिंगची उसळी शमवणारे भाग) स्प्रिंगला साजेसे असावेत. स्प्रिंग बदलली की डॅम्पर पुन्हा पाहावा लागतो, हे लक्षात ठेवावे.

कारचा स्वभाव खरा ठरतो तो अँटी-रोल बारने, म्हणजे कारचे कलणे रोखणाऱ्या दांड्याने. ज्या टोकाचा बार कडक, त्या टोकाची पकड थोडी कमी होते. स्टिअरिंगचा आलेख मर्यादेपाशी ओव्हरस्टिअरकडे (मागची चाके आधी सुटण्याकडे) झुकत असेल, तर मागचा बार सैल करावा किंवा पुढचा कडक करावा. किंचित अंडरस्टिअर (पुढची चाके आधी सुटणे) राहील आणि तो वेगाबरोबर हळूहळू वाढेल, असा आलेख मिळवणे हे उद्दिष्ट ठेवावे. अगदी तटस्थ कार कागदावर आकर्षक दिसते, परंतु तिच्या हाताळणीचा गुण घसरतो, कारण खेळाच्या हिशेबात ती चालवणारा माणूस शर्यतीचा ड्रायव्हर नसतो. कमी वेगाच्या आणि जास्त वेगाच्या वळणातील पकडीचे आकडे वेगवेगळे पाहावेत. कमी वेगात कार चांगली वळत असूनही जास्त वेगात मागून सुटत असेल, तर दोष बारमध्ये नसून डाउनफोर्सच्या वाटणीत असतो. निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकण्याचा कोन) पुढे दीड अंशापर्यंत आणि मागे त्याहून थोडा कमी ठेवून सुरुवात करावी.

गुणवत्तेचे स्लायडर उणे १५ ते अधिक १५ असे चालतात, आणि ते सरसकट वाढवण्यासारखा महाग उद्योग नाही. टायर, सस्पेन्शन आणि इंजिनाचा खालचा भाग येथे तीन ते पाच गुण वाढवावेत, अंतर्भाग शून्यावर ठेवावा, आणि दर वेळी अभियांत्रिकीचा काळ किती वाढला ते तपासावे. बाजाराच्या तक्त्यात लाइट स्पोर्ट, स्पोर्ट, ट्रॅक, सुपर असे वेगवेगळे ग्राहकवर्ग दिसतात. एकाच कारने सगळ्यांना खूश करण्याचा प्रयत्न न करता ज्या वर्गासाठी कार आखली, त्याच्याच आकड्यावर लक्ष ठेवावे.

आकडे जुळले की कार बीमएनजी ड्राइव्ह या गाडी चालवण्याच्या खेळात पाठवावी. तिथे ऑटोमेशनचा चाचणी ट्रॅकही उपलब्ध असल्यामुळे खेळाने दिलेली फेरीची वेळ आणि स्वतः स्टिअरिंग हातात घेतल्यावरची वेळ शेजारी ठेवून पाहता येते. पहिल्या काही फेऱ्यांत वेळ मोजू नये. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर अचानक सोडून मागची बाजू सुटते का, हे आधी पाहावे. सुटत असेल तर परत येऊन मागचा बार एका टप्प्याने सैल करावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर मागचे टायर दहा मिलिमीटरने रुंद करावेत.